जुन्या डबल शॉकअप ट्रायल्स गाड्या: मागच्या सस्पेन्शनचं काम आम्ही कसं करतो
(ग्राहकांसाठी माहितीपत्रक, वागळे इस्टेट, ठाणे)

"गाडी मागून उडते, चांगले शॉकअप टाकून द्या." आमच्याकडे येणारे बहुतेक जण हेच सांगत गाडी स्टँडवर लावतात. नवे शॉकअप टाकून देणं आम्हाला सोपं आहे, बिलही मोठं होतं. पण बुश (सांध्यातल्या शाफ्टभोवतीची नळी) झिजलेल्या गाडीला महागडे शॉकअप लावले तर पैसे वाया जातात आणि आठवड्याने तीच तक्रार घेऊन तुम्ही परत येता. म्हणून आमच्याकडे कामाचा क्रम ठरलेला आहे. तो का, हे कळावं म्हणून हे पत्रक. गाडी द्यायच्या आधी एकदा वाचून घ्या.

ट्रायल्सला नेमकं काय लागतं

ट्रायल्समध्ये वेगाला मार्क नाहीत. दगड, ओहोळ, चढ यातून पाय न टेकता जायचं असतं आणि पाय टेकला की गुण चढतात. ज्याचे कमी तो जिंकला. गाडी चालण्याच्या वेगाने जाते आणि स्वार फूटरेस्टवर उभा असतो. अशा वेळी मागच्या सस्पेन्शनचं काम एकच: टायर जमिनीला चिकटून ठेवणं. बसायला मऊ लागतं की नाही, हा प्रश्न इथे येतच नाही.

एके काळी जाणकारांचा मागच्या सस्पेन्शनवर विश्वासच नव्हता. चाक वरखाली झालं तर पकड जाईल, असं त्यांना वाटे. रॉयल एनफिल्डने 1948 साली स्विंग आर्मची (मागचं चाक धरून वरखाली हलणाऱ्या दांड्याची) बुलेट ट्रायल्सला उतरवली, तेव्हा समोरच्या बहुतेक गाड्या मागून कडक फ्रेमच्या होत्या. 1952 मध्ये जॉनी ब्रिटनने बुलेटवर स्कॉटिश सिक्स डेज ट्रायल ही स्कॉटलंडमधली सहा दिवसांची स्पर्धा जिंकली आणि हळूहळू वाद मिटला. पुढे 1965 मध्ये सॅमी मिलरने तीच स्पर्धा बुल्टॅको या स्पॅनिश कंपनीच्या हलक्या टू-स्ट्रोकवर जिंकली आणि जड फोर-स्ट्रोकचे दिवस भरले. आपल्याकडची बुलेट दीडशे किलोच्या बरीच वरची आहे. सेटिंग कितीही केलं तरी ती बुल्टॅको होणार नाही, हे आम्ही आधीच सांगून ठेवतो. मात्र आहे त्यापेक्षा पुष्कळ सुधारते.

आधी बुश

गाडी मेन स्टँडवर घ्या. एका हाताने मागचं चाक धरून आडवं हलवा. दुसऱ्या हाताचं बोट स्विंग आर्म फ्रेमला जिथे जोडलेला असतो त्या फटीवर ठेवा. बोटाला बारीकशी 'टक' जाणवली तर आर्मचे बुश गेले. चाक हलतंय पण फटीत काहीच जाणवत नसेल तर चाकाची बेअरिंग बघायची. बुशमधली अर्धा मिलिमीटर ढिलाई चाकापाशी पोचेपर्यंत दुपटीच्या पुढे जाते, कारण दोन बुशांमधलं अंतर कमी आणि आर्म लांब. दगडावर चढताना गाडी "मागून पळते" म्हणतात ते बरेचदा हेच असतं.

ठाण्या-नवी मुंबईच्या पावसात आणि खाडीच्या दमट हवेत आर्मचा शाफ्ट आतून गंजतो. बाहेरून रंग चकाचक, आणि शाफ्ट काढायला हायड्रॉलिक प्रेस लागते, अशा गाड्या दर पावसाळ्यानंतर येतात. ब्राँझचे नवे बुश आम्ही प्रेसने बसवतो आणि दोन्ही बुशांना एकाच रेषेत रीमर (भोक नेमक्या मापाचं करणारं हत्यार) मारतो. एकेक बुश वेगळा लेथवर कापून हातोडीने ठोकला तर शाफ्ट तिरका बसतो आणि आर्म जड चालतो. शॉकअप नसताना आर्म स्वतःच्या वजनाने अलगद खाली आला पाहिजे. आला नाही तर आम्ही पुढचं काम सुरूच करत नाही.

स्प्रिंग, आणि थोडं गणित

चाक 120 मिलिमीटर वर गेलं आणि तेवढ्यात शॉकअप 100 मिलिमीटर दाबला गेला, तर प्रमाण 1.2 झालं. समजा स्प्रिंग अशी आहे की प्रत्येक मिलिमीटरला एक किलो वजन लागतं. चाकापाशी हा जोर 1.2 च्या वर्गाने भागला जातो, म्हणजे उरतो साधारण 0.7 किलो. आता कोणी शॉकअपचं खालचं टोक पुढे सरकवून तो तिरका केला आणि प्रमाण 1.4 वर गेलं, तर तीच स्प्रिंग चाकापाशी अर्ध्या किलोची होते. शॉकअपमधल्या तेलाचा अडवही (हालचाल मंदावणारा विरोध) त्याच हिशेबाने घटतो. चाकाची हालचाल वाढवायच्या हौशेने शॉकअप तिरके करून घेतलेल्या गाड्या मग प्रत्येक दगडावर तळ गाठतात. चालवणाऱ्याला वाटतं शॉकअप खराब निघाला. खरं तर त्या जागी जास्त कडक स्प्रिंग आणि जास्त अडव लागतो.

आणखी एक गैरसमज फार पसरलेला आहे. शॉकअपची कॉलर (स्प्रिंगच्या टोकाची फिरवायची कडी) फिरवली की स्प्रिंग कडक होते, असं सगळे म्हणतात. सरळ (सगळीकडे सारख्या वेटोळ्यांची) स्प्रिंग त्याने कडक होत नाही, गाडी फक्त वर उचलली जाते. स्प्रिंग तुमच्या वजनाला बरोबर आहे का, हे आम्ही तीन मापं घेऊन ठरवतो: चाक हवेत लटकताना, गाडी स्वतःच्या वजनावर उभी असताना, आणि तुम्ही फूटरेस्टवर उभे असताना. पहिल्या आणि तिसऱ्या मापातला फरक चाकाच्या एकूण हालचालीच्या साधारण एक तृतीयांश यायला हवा. तो आणण्यासाठी कॉलर शेवटपर्यंत फिरवावी लागली आणि गाडी स्वतःच्या वजनाने जेमतेम बसत असेल, तर स्प्रिंग मऊ आहे. ती बदलायला लागेल. या मापासाठी तुम्ही स्वतः यायला हवं, तेही बूट-हेल्मेट घालून. मित्राला पाठवून चालत नाही, निदान तो तुमच्याच वजनाचा असल्याशिवाय.

परतीचा वेग

पायरीसारख्या दगडावर मागचं चाक आपटतं, आत जातं आणि लगेच बाहेर येऊन त्या दगडाला टेकावं लागतं. बाहेर यायला उशीर झाला तर टायर हवेत फिरतो. फार झटकन आलं तर सगळी मागची बाजू उचलली जाते आणि तुम्ही हँडलवर. सीट जोरात दाबून सोडा: गाडी वर यावी आणि तिथेच थांबावी. दुसऱ्यांदा डुलली तर अडव कमी, रांगत वर आली तर जास्त.

उघडता येणारे जुने शॉकअप आम्ही धुऊन, सील बदलून, नवं तेल भरून देतो. तेल किती पातळ घ्यायचं हे स्प्रिंग ठरल्यावरच ठरतं. गॅसचे शॉकअप घरी उघडू नका, आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

उंची

लांब शॉकअप टाकून मागून उंच केलेली गाडी दिसायला झकास दिसते. बुलेटचा व्हीलबेस, म्हणजे दोन चाकांच्या एक्सलमधलं अंतर, साधारण 1370 मिलिमीटर आहे. मागच्या एक्सलपाशी गाडी 25 मिलिमीटर वर उचलली गेली की पुढच्या फोर्कचा कोन सुमारे एक अंशाने उभा होतो. अरुंद वळणात हँडल चटकन वळतं, हा फायदा खरा. पण उतारावर पुढचं चाक दगडात अडकून आडवं व्हायला लागतं आणि चेन आर्मला घासते. आम्ही थोडीच वाढ सुचवतो आणि तीही एकदा चालवून बघितल्यावर. आर्म लांब करायच्या मागणीला मात्र नाहीच म्हणतो. चढावर पुढचं चाक उचलत नाही हे खरं, पण अरुंद वळणात गाडी फिरेनाशी होते, आणि ट्रायल्स म्हणजे निम्मी वळणंच.

फ्रेम आणि कागदपत्रं

मूळ फ्रेमला आम्ही वेल्डिंग करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणी प्रमाणपत्रातल्या तपशिलांशी न जुळणारा बदल करता येत नाही. शिवाय चाळीस-पन्नास वर्षं जुनी फ्रेम एकदा कापली की तिची किंमत गेली. आमची सगळी कामं नट-बोल्टवर उलटवता येतील अशीच असतात. काढलेले मूळ पार्ट ग्रीस लावून, कापडात गुंडाळून तुम्हाला परत देतो. ते भंगारात घालू नका. गाडीसोबत आरसीची झेरॉक्स आणा.

ट्रायल्सचं सेटिंग करून घेतलेली गाडी घोडबंदर रोडवर ऐंशीने पळवायची नसते. आणि येऊरच्या जंगलात तर ती घालूच नका, तो संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा भाग आहे. मुरबाड-शहापूरकडे ओळखीच्या माणसाची खासगी जमीन बघा, मालकाला विचारा आणि मग चालवा.

गाडी घरी नेल्यावर

गाडी घेताना चेन सैल दिसेल. ती मुद्दाम तशी ठेवलेली असते. गिअरबॉक्सचं स्प्रॉकेट, आर्मचा शाफ्ट आणि मागचा एक्सल एका रेषेत आले की चेन सगळ्यात जास्त ताणली जाते. आम्ही शॉकअप काढून, आर्म उचलून त्या जागी चेन तपासतो आणि तिथे बोटभर खेळ सोडतो. चाक लटकत असताना तीच चेन लोंबते. नाक्यावरच्या मेकॅनिककडून ती आवळून घेतलीत तर पहिल्याच मोठ्या दगडावर आर्म वर जाता जाता अडेल आणि सगळा ताण गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर जाईल.

पहिल्या राइडनंतर शॉकअपचे चारही नट तपासा. रबर बुश असलेले नट आवळताना गाडी चाकांवर उभी असावी. स्टँडवर आवळले तर रबर पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. पावसाळ्यात आर्मच्या ग्रीस निप्पलमध्ये महिन्यातून एकदा ग्रीस भरा. जुनं काळं ग्रीस दोन्ही बाजूंनी बाहेर आलं की थांबा. एकाच बाजूने येत असेल तर दुसरी वाट बंद झाली आहे, गाडी आमच्याकडे आणा.