आदिपाप व नीतिमत्त्व (गोव्याच्या ख्रिस्ती परंपरेतील)

पहिला मानव आदाम याच्या आज्ञाभंगामुळे सगळ्या मानवजातीला जडलेले पाप म्हणजे आदिपाप. ख्रिस्ताच्या आज्ञापालनामुळे आणि देवाच्या कृपेने त्यातून सुटून मनुष्य देवासमोर नीतिमान होतो, त्या अवस्थेला नीतिमत्त्व म्हणतात. दोन्ही कल्पनांचा मुख्य आधार म्हणजे बायबलातील, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय. हे पत्र सामान्यतः इ. स. ५५ ते ५८ च्या दरम्यानचे मानले जाते. गोव्यात ही शिकवण सोळाव्या शतकात पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर आली आणि पुढच्या शंभर वर्षांत मराठी व कोकणी शब्दांत बसली. ती कोणत्या शब्दांत बसली, हाच या नोंदीचा मुख्य विषय आहे.

शब्द : गोव्याच्या ख्रिस्ती कोकणीत पापाला प्राधान्याने ‘पातक’ म्हणतात. तरी ख्रिस्ताची आई मारिया हिच्या ‘नमान मारिये’ या प्रार्थनेत ‘आमी पापी, आमचे खातीर विनती कर’ असे येते, आणि ‘आमच्या बापा’ या प्रार्थनेत ‘आमचीं पातकां भोगस’ (क्षमा कर) असे. माणूस पापी, त्याची कृत्ये पातके, अशी ही वाटणी कोणी ठरवून केली असेल असे नाही. पण ती अर्थपूर्ण आहे. ‘पातक’ हा शब्द संस्कृत ‘पत्’ (पडणे) या धातूच्या प्रयोजक रूपावरून आला असून त्याचा अर्थ ‘पाडणारे’ असा होतो. आदामाच्या कथेला ख्रिस्ती परंपरा ‘पतन’ म्हणते, तिला याहून जवळचा शब्द सापडणे कठीण. ‘पाप’ची व्युत्पत्ती मात्र वादग्रस्त आहे.

धर्मशास्त्रात ब्रह्महत्या, सुरापान, चोरी व गुरुपत्नीगमन ही चार महापातके आणि ती करणाऱ्यांचा संसर्ग हे पाचवे. म्हणजे संसर्गाने पातक लागते ही कल्पना इथे होती. एका पूर्वजाकडून ते साऱ्या माणसांना लागते ही नव्हती. प्रदक्षिणेच्या वेळी घरोघर म्हटल्या जाणाऱ्या ‘पापोऽहं पापकर्माहं पापात्मा पापसंभवः’ या श्लोकातला शेवटचा शब्द वरवर आदिपापासारखाच वाटतो. परंतु तिथे जन्मामागचे पाप ज्याचे त्याचे, पूर्वकर्माचे, असा अर्थ लावणे अधिक सयुक्तिक दिसते. आदिपापात ते आपण स्वतः केलेले नसते आणि तरीही आपले असते. या कल्पनेतील खरी अडचण हीच, आणि पंधराशे वर्षांचा वादही याच जागी आहे.

रोमकरांस ५:१२ चा वाद : एका माणसाच्या द्वारे पाप व पापाच्या द्वारे मरण जगात आले, आणि मरण सर्वांपर्यंत पसरले, असे म्हटल्यावर पौल ‘एफ् हो’ हे दोन ग्रीक शब्द वापरून ‘सर्वांनी पाप केले’ असे वाक्य पुरे करतो. जुन्या लॅटिन भाषांतरात त्यांच्या जागी ‘इन क्वो’, म्हणजे ‘ज्याच्यात’, असे शब्द आले. संत ऑगस्टीन (३५४–४३०) याने त्यावरून सर्व माणसांनी आदामाच्या ठायी पाप केले असा अर्थ घेतला. मनुष्य स्वतःच्या बळावर आज्ञा पाळू शकतो, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिले, असे मानणाऱ्या पेलाजियसाविरुद्ध त्याला हा आधार महत्त्वाचा वाटला. कार्थेज (४१८) व ऑरेंज (५२९) येथील धर्मसभांनी पेलाजियसाच्या मताचा व त्याच्या सौम्य रूपाचा निषेध केला. ग्रीक भाषा बोलणाऱ्या पूर्वेकडील चर्चमध्ये मात्र आदामाकडून मर्त्यता वारशाने येते यावर भर राहिला, दोष वारशाने येतो यावर नाही.

आजचे बहुतेक अभ्यासक ‘एफ् हो’चा अर्थ ‘कारण’ किंवा ‘त्यामुळे’ असा करतात. प्रचलित मराठी बायबलातही ‘सर्वांनी पाप केल्यामुळे’ असेच आहे. व्याकरणाच्या दृष्टीने हा अर्थ सरस दिसतो. मात्र त्यामुळे आदिपापाचा सिद्धांतच कोसळतो असे समजू नये. त्याचा भार एकट्या बाराव्या वचनावर नाही. एकाच्या आज्ञाभंगाने पुष्कळ जण पापी आणि एकाच्या आज्ञापालनाने पुष्कळ जण नीतिमान, ही एकोणिसाव्या वचनातली जोडी त्याला तोलून धरते.

आज्ञापालन : या जोडीत पौलाने वापरलेले ‘पाराकोए’ (आज्ञाभंग) व ‘हुपाकोए’ (आज्ञापालन) हे दोन्ही शब्द ‘ऐकणे’ या अर्थाच्या क्रियापदापासून झाले आहेत. लॅटिन ‘ओबेदिरे’चेही मूळ तेच. भाषांतरातल्या ‘आज्ञापालन’ या संस्कृत जोडशब्दात हा अर्थ दिसत नाही. पण ‘पोर ऐकत नाही’ असे कोणतीही मराठी आई म्हणते तेव्हा नेमका तोच अर्थ तिच्या तोंडी असतो. आदामाने ऐकले नाही, ख्रिस्ताने क्रुसावरच्या मरणापर्यंत ऐकले, असे म्हटले की पौलाचे म्हणणे सरळ मराठीत उतरते.

नीतिमान ‘होणे’ की ‘ठरणे’ : ग्रीक ‘दिकायोउन’ या क्रियापदाला न्यायालयीन छटा आहे; न्यायाधीशाने निर्दोष ठरवणे असा त्याचा रोख. लॅटिन ‘युस्तिफिकारे’ची घडण ‘नीतिमान करणे’ अशी आहे. मार्टिन लूथर व त्याच्यामागून आलेल्या प्रॉटेस्टंट परंपरेने पहिला अर्थ उचलला : ख्रिस्ताचे नीतिमत्त्व विश्वास ठेवणाऱ्याच्या खाती मांडले जाते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट येथील धर्मसभेने १७ जून १५४६ रोजी आदिपापावर आणि १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमत्त्वावर निर्णय दिले. दुसऱ्यात १६ प्रकरणे व ३३ नियम आहेत. त्याच्या सातव्या प्रकरणात नीतिमान होणे म्हणजे केवळ पापांची क्षमा नव्हे, तर आतल्या माणसाचे पवित्रीकरण व नवेपण असे स्पष्ट म्हटले आहे. कृपा आधी देवाकडून येते; मनुष्य तिला संमती देतो आणि तिच्याबरोबर काम करतो.

मराठी बायबलाची भाषांतरे एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून प्रॉटेस्टंट मिशनऱ्यांनी केली आणि त्यांतून ‘नीतिमान ठरणे’ हा प्रयोग रूढ झाला. गोव्याची परंपरा त्याहून दोनशे वर्षे जुनी आणि ट्रेंटच्या मुशीतली. तेव्हा ‘ठरणे’ मनात धरून गोव्यातले जुने ख्रिस्ती वाङ्मय वाचणे हा त्या वाङ्मयावर अन्याय होईल. तिथे मनुष्य धुतला जातो, बरा होतो, बदलतो. दोन्ही बाजूंमधील मूळ मुद्द्यांवर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक चर्च व लूथरन जागतिक संघ यांनी सहमतीच्या संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या.

गोव्यातील मांडणी : फ्रान्सिस झेवियर ६ मे १५४२ रोजी गोव्यात उतरला. रस्त्यातून घंटा वाजवत मुले गोळा करायची आणि त्यांच्याकडून दहा आज्ञा व प्रार्थना चालीवर म्हणून घ्यायच्या, ही त्याची पद्धत. गोव्यात छापखाना १५५६ मध्ये आला.

या शिकवणीला मराठी रूप दिले ते थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेसुइटाने (येशूसंघाच्या धर्मगुरूने). तो २४ ऑक्टोबर १५७९ रोजी गोव्यात पोहोचला, आयुष्याचा बहुतेक काळ दक्षिण गोव्यातील साष्टीत राहिला आणि १६१९ मध्ये वारला. त्याचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे रोमी लिपीत छापले गेले. १६४९ व १६५४ मध्येही ते छापले गेले. या तीन आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथाच्या भाषेबद्दल वाद होत असले, तरी स्टीफन्सने स्वतः ती मराठी म्हटली आहे आणि सुलभतेसाठी कोकणी शब्द मिसळल्याचे सांगितले आहे. ते प्रमाण मानायला हरकत नाही.

सुमारे अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, आदाम-एवेचे पतन व तारणाऱ्याची प्रतीक्षा. दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. रोमकरांस पत्रातला आदाम आणि ख्रिस्त यांचा जोड ग्रंथाच्या रचनेतच उतरला आहे. वैकुंठ व मोक्ष हे शब्द स्टीफन्सने निःसंकोच घेतले. कर्मविपाकात वाढलेल्या श्रोत्याला वारशाने आलेले पाप व्याख्येने पटले नसते. पुराणाने, म्हणजे वंशाची कथा सांगण्याच्या ओळखीच्या रीतीने, ते निदान समजू शकत होते. स्टीफन्सची कोकणी प्रश्नोत्तरी (धर्मशिकवणीची प्रश्नोत्तरे) १६२२ मध्ये, मृत्यूनंतर, राशोललाच छापली गेली. प्रश्नोत्तरी पाठ करण्याला गोव्यात ‘दोतोर्न’ म्हणतात.

ही शिकवण ज्या राज्यात दिली जात होती, तिथे १५६० पासून इन्क्विझिशन (धर्मद्रोहाची चौकशी करणारे चर्चचे न्यायालय) होते. मधला थोडा काळ सोडला तर ते १८१२ पर्यंत टिकले. कृपेला माणसाची मोकळी संमती हवी असे ट्रेंटचे वचन आणि हा धाक एकाच भूमीवर नांदले, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान निघाले, १७५९ मध्ये जेसुइटांची हकालपट्टी झाली आणि मराठी-कोकणी धार्मिक ग्रंथरचना क्षीण झाली.

आचार : आदिपाप बाप्तिस्म्याने धुतले जाते. जुन्या गोव्याच्या से कॅथेड्रलमधले दगडी बाप्तिस्मापात्र १५३२ चे, म्हणजे खुद्द इमारतीहून जुने मानले जाते. नंतर घडलेल्या पातकांसाठी ‘कुमसार’, म्हणजे पापांची कबुली (पोर्तुगीज ‘कोन्फेसार’वरून), आणि पाद्रीने सांगितलेले ‘प्राचित’, म्हणजे आपले प्रायश्चित्तच. चाळीस दिवसांच्या उपवासकाळाच्या आरंभी, आदल्या वर्षीच्या झावळ्या जाळून केलेली राख कपाळाला लावतात. ख्रिस्त मरणापर्यंत आज्ञाधारक झाला, हे फिलिप्पैकरांस पत्रातले वचन पवित्र सप्ताहात गायले जाते.

आदिपापाला कॅथलिक शिकवणीत एक अपवाद आहे : मारिया गर्भधारणेच्या क्षणापासूनच त्यापासून मुक्त होती. मध्ययुगीन धर्मपंडित टॉमस अक्विनासला हे मान्य नव्हते. डन्स स्कोटस या फ्रान्सिस्कन पंथीयाने मात्र या मताची बाजू मांडली. नववा पायस या पोपने १८५४ मध्ये ते सिद्धांत म्हणून जाहीर केले. त्याआधी तीनशेहून अधिक वर्षे पणजीच्या टेकडीवर मारियेच्या याच निष्कलंक गर्भधारणेच्या नावाचे प्रार्थनास्थळ उभे होते. ते १५४१ चे सांगतात. सध्याची इगर्ज (चर्च) १६१९ मध्ये नव्याने बांधली गेली आणि तिचे फेस्त (उत्सव) दरवर्षी ८ डिसेंबरला भरते.