चॅपलनकडे जायला देव मानावाच लागतो का?

विद्यापीठातल्या चॅपलनकडे, म्हणजे आध्यात्मिक आधार देणाऱ्या व्यक्तीकडे, फक्त श्रद्धाळूंनी जायचं आणि गेलं की ती हळूच आपल्या धर्माकडे ओढणार, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. तो चुकीचा आहे. २०२१मध्ये हार्वर्डमधल्या वेगवेगळ्या धर्मांच्या चॅपलनांनी आपल्या गटाचे अध्यक्ष म्हणून ग्रेग एपस्टाइन यांना निवडलं. ते मानवतावादी आणि उघड निरीश्वरवादी आहेत!

आजी गेली, परीक्षा तोंडावर आहे आणि रडूही येत नाही, असं सांगणाऱ्या मुलीला चांगला चॅपलन "प्रार्थना करतेस का?" असं आधी विचारत नाही. "आजीबद्दल सांग ना," म्हणतो आणि ऐकत राहतो. या ऐकण्यातच खरं काम आहे, असं मला मनापासून वाटतं. प्रार्थना तिला हवी असेल तरच. तिच्याच धर्माचं कुणी हवं असेल, तर शक्यतो गाठ घालून दिली जाते.

हे मानसोपचार मात्र नव्हेत. आजाराचं निदान किंवा औषधं इथे नसतात. गरज दिसली तर समुपदेशकाकडे पाठवतात. बोलणं सहसा गोपनीय राहतं, पण जिवाला धोका दिसला तर अपवाद होऊ शकतो. नियम सगळीकडे सारखे नसतात, त्यामुळे पहिल्याच भेटीत ते खुशाल विचारून घ्या.