सामूहिक वनहक्काचा दावा आणि जंगलाची मोजणी

शहापूर-मुरबाडच्या ज्या पाड्यांनी पिढ्यान्पिढ्या जंगल राखलं, त्यांना वनहक्क कायदा, 2006 नुसार त्या जंगलाच्या व्यवस्थापनाचा हक्क मिळू शकतो. हा दावा ग्रामसभेच्या नावाने होतो. वैयक्तिक जमिनीसाठी नमुना ‘अ’, सरपण-चराईसारख्या सामूहिक वापरासाठी ‘ब’. जंगल राखायचा हक्क हवा तर ‘क’ भरा. अर्ज मोफत मिळतो, त्यासाठी कोणालाही पैसे देऊ नका.

आधी ग्रामसभेत 10 ते 15 जणांची वनहक्क समिती निवडा, त्यात किमान एक तृतीयांश महिला हव्यात. दाव्याला हद्दीचा नकाशा आणि किमान दोन पुरावे लागतात: जुनी सरकारी कागदपत्रं, वडीलधाऱ्यांचे लेखी जबाब, विहिरी, देवस्थानं, दफनभूमी. समिती वनखात्याला कळवून जागेची पडताळणी करते. शेजारच्या गावाशी हद्दीवरून वाद असेल तर दोन्ही समित्यांनी एकत्र बसायचं. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे जातो, अंतिम निर्णय जिल्हास्तरीय समितीचा.

खरं काम हक्क मिळाल्यावर सुरू होतं. ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करायचा असतो, आणि तिथे बहुतेक गावं घाई करतात. ‘मोह भरपूर’ एवढ्या नोंदीवर काहीच ठरवता येत नाही. सुमारे दहा गुंठ्यांचा, म्हणजे प्रत्येक बाजू 31.62 मीटर असलेला चौकोन दोरीने आखा. प्रत्येक झाडाची जात लिहा, जमिनीपासून 1.37 मीटरवर टेपने घेर घ्या आणि रोपं वेगळी मोजा. असे चौकोन ओढ्याकाठी, माळावर, चढावर, सगळीकडे घ्या. मोठे मोह पुष्कळ पण रोप एकही नाही, असं दिसलं तर पुढच्या पिढीला फुलं मिळणार नाहीत हे कळतं. फुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात, त्यात रोपं जातात. मग आराखड्यात जाळ बंद करायचा आणि त्या भागात काही वर्षं चराईबंदी ठेवायची, हे ठामपणे लिहिता येतं.

मात्र प्रत्येक करवंदीची जाळी मोजत बसू नका. ज्या नोंदीवरून निर्णय बदलणार नाही, तिच्यावर गावाचे दिवस घालवणं परवडत नाही. गाव ज्याची तोड, वेचणी किंवा चराई करतं, तेवढं बारकाईने नोंदवा. कायद्याच्या नियमांप्रमाणे हा आराखडा वनखात्याच्या कार्य आयोजनेशी, म्हणजे त्या जंगलात काय कामं करायची याच्या खात्याच्या योजनेशी, जोडायचा असतो, आणि त्या बैठकीत गावाचं म्हणणं या नोंदवहीच्या बळावरच टिकतं.