आटलेल्या मुंगो सरोवराचा गाळ

ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्सच्या नैर्ऋत्य भागाच्या नकाशावर मुंगो सरोवर दिसतं. प्रत्यक्षात तिथे खुरट्या झुडपांचं सपाट माळरान आहे. पूर्वेच्या डोंगरांतलं पाणी लॅक्लन नदीच्या विलँड्रा या फाट्यातून इथल्या सरोवरांच्या साखळीत यायचं. हिमयुग ओसरताना तो प्रवाह तुटला आणि सुमारे १८ हजार वर्षांपूर्वी साखळीतलं शेवटचं सरोवरही कोरडं पडलं.

इतिहास वाचायचा तर तळापेक्षा पूर्वेचा काठ पाहावा. पश्चिमेच्या वाऱ्याने तिथे चंद्रकोरीच्या आकाराचं लांबलचक टेकाड रचलं. सरोवर भरलेलं असे तेव्हा लाटांनी किनाऱ्यावर टाकलेली स्वच्छ वाळू उडून यायची. पाणी ओसरलं की उघड्या तळाची खारट माती भुरभुरत तिच्यावर बसायची. त्यामुळे थर वाळूचा की मातीचा, एवढ्यावरून पाण्याची स्थिती कळते. याच थरांत शिंपले, चुलींची राख आणि माशांच्या कानातले इवलेसे खडेही सापडतात. या खड्यांवर खोडासारखी वाढीची वलयं असतात, ती मोजली की मासा किती वर्षांचा होता ते समजतं!

१९६८ मध्ये भूशास्त्रज्ञ जिम बोलर हे थर तपासत फिरत असताना त्यांना जळक्या हाडांचा पुंजका दिसला. हाडं एका स्त्रीची निघाली. १९७४ मध्ये बोलर यांनाच जवळपास एका पुरुषाचं दफन सापडलं. देहावर लाल गेरू पसरलेला होता. दोन्ही दफनं सुमारे ४२ हजार वर्षांपूर्वीची. १९८१ मध्ये हा प्रदेश जागतिक वारसा ठरला.

हाडं मात्र अभ्यासासाठी कॅनबेराला गेली होती. पाकांतजी, मुथी मुथी आणि न्गियाम्पा या तिथल्या मूळ लोकांसाठी ते पूर्वजच. स्त्रीचे अवशेष १९९२ मध्ये परतले, पुरुषाचे थेट २०१७ मध्ये. इतका उशीर व्हायला नको होता.

मेंढ्या आणि सशांनी गवत खाऊन टाकल्यापासून टेकाड झिजतंय. प्रत्येक पाऊस काही उघडं पाडतो, काही वाहून नेतो. २००३ मध्ये एका मुथी मुथी तरुणीला विलँड्राच्या घट्ट झालेल्या चिखलात माणसांच्या पाऊलखुणा दिसल्या. पुढे तिथे साडेचारशेहून अधिक ठसे मोजले गेले, मोठ्यांचे आणि मुलांचेही, सुमारे २० हजार वर्षांपूर्वीचे. नोंद झाल्यावर, ते टिकावेत म्हणून त्यांच्यावर पुन्हा वाळू पसरण्यात आली.