मनोविकारग्रस्त पालकांची मुले

स्किझोफ्रेनिया (भास आणि भ्रम होणारा आजार), बायपोलर विकार (उन्माद म्हणजे अतिउत्साह आणि नैराश्य यांच्या लाटा), तीव्र नैराश्य असा दीर्घकाळचा गंभीर मनोविकार असलेल्या आई किंवा वडिलांच्या छायेत वाढणारी मुले. मराठी घरांत आजाराचे नाव सहसा घेत नाहीत. ‘आईला बरं नाही’, ‘बाबांच्या डोक्याच्या गोळ्या चालू आहेत’ एवढ्यावर भागवतात. कधी बाहेरची बाधा समजून आधी गाणगापूर गाठले जाते, डॉक्टर नंतर. ठाणे आणि येरवडा ही मनोरुग्णालयांची गावे तर बोलण्यात टोमणा म्हणूनच रुळली आहेत. शाळेत यातले काही बोलायचे नाही, हे मुलाला न शिकवताच कळते.

अशा घरातले मूल सतत अंदाज घेत असते. दाराशी चपला काढतानाच आतल्या भांड्यांच्या आवाजावरून संध्याकाळ कशी जाणार ते त्याला समजते. आई पहाटे तीनला कपाट आवरत होती का, बोलण्याचा वेग वाढलाय का, हे ते टिपते. गोळ्यांच्या पाकिटातल्या रिकाम्या खाचा मोजते. झोप घटणे हे उन्मादाचे नेहमीचे पूर्वलक्षण. ते डॉक्टरांआधी दहा वर्षांच्या मुलीच्या लक्षात आलेले असू शकते. पण केसपेपरवर नातेवाईक म्हणून मामाचे नाव लागते आणि तिला बाहेरच्या बाकावर बसवतात. धाकट्याचा डबा, दुधाचा हिशेब, पाहुण्यांना थोपवणे हेही हळूहळू तिच्याकडे येते. लोक कौतुकाने ‘किती समजूतदार!’ म्हणतात, आणि त्या कौतुकापुढे तक्रार करायला तोंड उरत नाही.

मोठेपणी सतावणारा प्रश्न म्हणजे ‘मलाही होईल का?’ स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला होतो. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांत हे प्रमाण साधारण दहापर्यंत जाते. म्हणजे नव्वद जणांना तो होत नाही. स्थळे पाहताना हे गणित कोणी मांडत नाही, ‘त्यांच्या घराण्यात आहे’ एवढेच पुरते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नॉर्मन गार्मेझी यांनी स्किझोफ्रेनियाग्रस्त मातांच्या मुलांकडे पाहिले, तेव्हा त्यांतली बरीच मुले चांगली वाढत असल्याचे त्यांना आढळले. प्रतिकूलतेत तग धरण्याच्या क्षमतेच्या अभ्यासाला त्यातून मोठी चालना मिळाली.

भारताच्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने (2017) कलम 21 मध्ये उपचार घेणाऱ्या आईपासून तीन वर्षांखालील मूल सहसा वेगळे करू नये असे म्हटले आहे. आईकडून मुलाला धोका असेल किंवा मुलाच्या हितासाठी व सुरक्षिततेसाठी गरज असेल तरच ते तात्पुरते वेगळे ठेवता येते, आणि त्या निर्णयाचा दर पंधरा दिवसांनी फेरविचार करावा लागतो. बाकावर बसलेल्या मुलीसाठी त्या कलमात काही नाही. नॉर्वेत 2010 पासून रुग्णाला अल्पवयीन मुले आहेत का, आणि त्यांना आजाराविषयी काय सांगायला हवे, याकडे लक्ष देणे आरोग्य कर्मचाऱ्यांवर कायद्याने बंधनकारक आहे.