साताऱ्याच्या पिनकोडचं कुलूप

पत्त्याच्या शेवटी सहा आकडे लिहिताना त्यांच्याकडे संख्या म्हणून कुणी बघत नाही. १५ ऑगस्ट १९७२ पासून पिनकोड आला तो टपालाची छाननी सोपी व्हावी म्हणून. त्यात गणित कुणी मुद्दाम पेरलेलं नाही. तरीही सांगली आणि सातारा या शेजाऱ्यांच्या वाट्याला अगदी उलट्या स्वभावाच्या संख्या आल्या आहेत.

सांगलीची ४१६४१६. तेच तीन आकडे लागोपाठ दोनदा आले, की ती संख्या १००१ च्या पटीत असते. इथे ४१६ × १००१. आणि १००१ म्हणजे ७ × ११ × १३, त्यामुळे या तिघांनी भाग जाणार हे न मांडताच कळतं. ४१६ चेही अवयव पाडले, की पाच वेळा २, एकदा ७, एकदा ११ आणि दोनदा १३ मिळतात. एकूण विभाजक ७२! स्वतःला वगळून बाकीच्यांची बेरीज ६,९०,३६८, म्हणजे मूळ संख्येहून कितीतरी जास्त. अशीला विपुल संख्या म्हणतात. शिवाय अंकांची बेरीज २२ आणि २२ ने निःशेष भाग जातो, म्हणून देवळालीचे गणितवेडे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या व्याख्येनुसार ती हर्षद संख्याही आहे.

साताऱ्याची ४१५००१ मात्र कुणाला दाद देत नाही. २, ३, ५, ७ असं मूळ संख्यांनी ओळीने भागत बसलात, तर पहिल्या १११ फुकट जातात. ११२ वी, म्हणजे ६१३, लागू पडते: ६१३ × ६७७. दोन्ही मूळ संख्या, त्यामुळे विभाजक फक्त चार. बँकेचे व्यवहार सुरक्षित ठेवणारी आरएसए ही कूटलेखनाची पद्धत (१९७७) याच जातीच्या, पण शेकडो अंकी संख्यांवर उभी आहे. गुणाकार सोपा, अवयव पाडणं महाकठीण, एवढंच तिचं भांडवल.

पण सतराव्या शतकातल्या फर्मा या फ्रेंच गणितज्ञाची एक युक्ती इथे लावून बघा. ४१५००१ चं वर्गमूळ ६४४ हून थोडं जास्त, म्हणून ६४५ घ्या. त्याचा वर्ग ४,१६,०२५. त्यातून पिनकोड वजा केला, की उरतात १०२४, म्हणजे नेमका ३२ चा वर्ग. दोन वर्गांच्या वजाबाकीचं शाळेतलं सूत्र वापरा: ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७. पहिल्याच फटक्यात कुलूप उघडलं!

हे जमलं, कारण ६१३ आणि ६७७ एकमेकांच्या फार जवळ आहेत. जोडीत अंतर मोठं असतं, तर ६४६, ६४७ करत कितीही पुढे जावं लागलं असतं. म्हणूनच आरएसएच्या किल्ल्या बनवताना दोन मूळ संख्या नुसत्या मोठ्या असून भागत नाही. त्यांच्यातला फरकही प्रचंड असावा, अशी अट मानकांतच घातलेली असते.