सर्जनशील लेखन अभ्यासक्रमांचा अर्थपुरवठा (मुंबई)

कथा, कविता, नाटक, पटकथा आणि ललित गद्य लिहायला शिकवणारे विद्यापीठीय अभ्यासक्रम चालवायला लागणारा पैसा उभा करण्याची व्यवस्था. मुंबईत तो भाषा विभागांच्या पगारातून, विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि थोडाफार देणग्यांतून येतो. यांपैकी कोणत्या वाटेने अभ्यासक्रम सुरू झाला, यावर त्या वर्गात कोण बसू शकणार हे बव्हंशी ठरते. त्यामुळे हा विषय नुसत्या हिशेबाचा नाही, साहित्याचाही आहे.

अनुदानित वाट. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. आज त्याच्या संलग्न महाविद्यालयांत अनुदानित आणि विनाअनुदानित असे तुकड्यांचे दोन प्रकार आहेत. अनुदानित तुकडीच्या मान्य पदांवरील प्राध्यापकांचा पगार राज्य शासन देते. मंजूर पदे ठरतात ती कार्यभारावरून. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचे असतात. मराठी किंवा इंग्रजी विभागाने सर्जनशील लेखनाची एखादी अभ्यासपत्रिका पदवीच्या आत बसवली, तर तिचे तास या कार्यभारात धरले जातात आणि वेगळा पैसा न मागता ती चालते. अभ्यास मंडळ आराखडा करते, विद्वत परिषद मान्यता देते, विद्यार्थी पदवीचे नेहमीचे शुल्क भरतो. बाहेरून पाहणाऱ्याला यात कुठे ‘निधी’ दिसत नाही, पण शहरातल्या लेखन-शिक्षणाला मिळालेली सर्वांत भरवशाची सार्वजनिक मदत हीच आहे.

पगाराच्या रूपाने लेखकांना मिळालेला आधारही याच खात्यात धरायला हवा. विंदा करंदीकर रुईया आणि एस.आय.ई.एस. महाविद्यालयांत इंग्रजी शिकवत, निसिम इझिकेल मुंबई विद्यापीठाच्या इंग्रजी विभागात होते आणि भालचंद्र नेमाडे तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर. यांपैकी कुणाच्याही नेमणूकपत्रावर सर्जनशील लेखन हा विषय नव्हता. तरी त्यांच्या विद्यार्थ्यांना एका लिहित्या माणसाचा रोजचा सहवास मिळाला आणि त्याचा खर्च नियमित पदाच्या पगारातून भागला. पदे रिकामी राहतात आणि तास तासिका तत्त्वावर वाटले जातात, तेव्हा नुकसान फक्त वेळापत्रकाचे होत नाही. तासाचे मानधन घेऊन पुढच्या महाविद्यालयाची लोकल पकडणाऱ्या शिक्षकाला विद्यार्थ्याची कविता घेऊन बसायला वेळ उरत नाही.

स्वयंअर्थसहाय्यित वाट. स्वतंत्र प्रमाणपत्र किंवा पदविका अभ्यासक्रम बहुधा स्वयंअर्थसहाय्यित असतो, म्हणजे त्याने आपला खर्च आपल्या शुल्कातून भागवायचा. माध्यमशिक्षणाच्या पदव्याही (पूर्वीचा बी.एम.एम., आताचा बी.ए.एम.एम.सी.) बहुतांशी याच पद्धतीने चालतात. लेखनाचा अभ्यास त्यांत जाहिरात आणि पत्रकारितेच्या सोबतीने येतो. मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलातील गरवारे संस्थेत व्यवसायाभिमुख अभ्यासक्रमांसाठी हीच रीत आहे.

या पद्धतीतली अडचण एका काल्पनिक हिशेबाने नीट कळते. समजा १५ विद्यार्थी आहेत आणि प्रत्येकी शुल्क २०,००० रुपये आहे. जमा होतात ३ लाख. १२० तासांना तासाला १,००० रुपये मानधन धरले तर १ लाख २० हजार त्यात जातात. उरलेल्यातून जागा, कार्यालयीन खर्च, परीक्षा, पाहुण्या लेखकांचा प्रवास आणि विद्यापीठाचा हिस्सा भागवायचा. आता प्रत्येकाने वर्षभरात ३,००० शब्दांच्या सहा कथा दिल्या, तर शिक्षकाने वाचायचे होतात २ लाख ७० हजार शब्द, तेही पेन्सिल हातात घेऊन, समासात शेरे लिहीत. या वाचनाचे मानधन हिशेबात कुठेच नाही. तोटा भरून काढायला संस्था प्रवेशसंख्या ६० करते. मग जमा १२ लाखांवर जाते, व्याख्यानाचे तास तेवढेच राहतात, पण वाचायचे शब्द १० लाख ८० हजार होतात. एवढे कुणी वाचत नाही. कार्यशाळेच्या जागी व्याख्यान येते, हस्तलिखिताच्या जागी वस्तुनिष्ठ प्रश्न येतात, आणि अभ्यासक्रमाचे नाव तेवढे तेच राहते. प्रयोगशाळा लागत नाही म्हणून लेखन हा स्वस्त विषय आहे, हा समज चुकीचा आहे. त्याला लागणारी महागडी गोष्ट म्हणजे अनुभवी वाचकाचा वेळ.

शिक्षकाची नेमणूक. नियमित पदासाठी पदव्युत्तर पदवी आणि नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. लागते. चार कादंबऱ्या लिहिलेल्या पण या पात्रता नसलेल्या लेखकाला पगारी पद देता येत नाही, त्याला पाहुणा म्हणून बोलवावे लागते. यावर वाट म्हणून विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये ‘प्रोफेसर ऑफ प्रॅक्टिस’ची मार्गदर्शक तत्त्वे काढली. क्षेत्रातल्या नामवंत अनुभवी व्यक्तीला औपचारिक पात्रतेच्या अटीशिवाय, मंजूर पदांच्या १० टक्क्यांपर्यंत आणि जास्तीत जास्त चार वर्षांसाठी नेमता येते. मात्र पैसा उद्योगांकडून किंवा संस्थेच्या स्वतःच्या उत्पन्नातून आणायचा, नाहीतर मानद तत्त्वावर काम करून घ्यायचे. व्यवस्थापन आणि अभियांत्रिकी शाखांना असा पुरस्कर्ता मिळू शकतो. मराठी कथाकाराच्या पदासाठी पैसे द्यायला कोणता उद्योग पुढे येईल, हे सांगणे कठीण आहे.

देणग्या. मुंबईच्या उच्च शिक्षणाचा पायाच देणग्यांनी घातलेला आहे. फोर्ट संकुलातील ग्रंथालय आणि राजाबाई टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभे राहिले. धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ साली स्थापन केलेल्या महिला विद्यापीठाला सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपये दिले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्रींचे, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव मिळाले. साहित्याच्या वाट्याला देणगी येते ती बहुतेक पारितोषिक, सुवर्णपदक किंवा स्मृतिव्याख्यानाच्या रूपात. मूळ रक्कम ठेवीत आणि व्याजातून बक्षीस, अशी ही रचना असते. काही दशकांपूर्वी भरघोस वाटलेली ठेव महागाईने झिजते आणि बक्षिसाची रक्कम नाममात्र उरते. शिक्षकाचे पद किंवा गरजू विद्यार्थ्याचे वर्षभराचे शुल्क उचलणारा दाता त्या मानाने विरळा. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठराविक उलाढालीच्या वा नफ्याच्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामांवर खर्चावे लागतात, आणि शिक्षण त्या यादीत आहे. लेखन अभ्यासक्रमांनी ही दारे अजून पुरेशी ठोठावलेली नाहीत.

परदेशातील पद्धती. अमेरिकेत आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ पासून चालू आहे. तिथल्या अनेक विद्यापीठांत पदव्युत्तर विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या मुलांना निबंधलेखन शिकवतो आणि त्या बदल्यात त्याला शुल्कमाफी व विद्यावेतन मिळते. मोठ्या देणग्यांचीही परंपरा आहे. मिशिगन विद्यापीठाच्या लेखन कार्यक्रमाला २०१३ मध्ये हेलन झेल यांच्या प्रतिष्ठानाकडून ५ कोटी डॉलर मिळाले. इंग्लंडमध्ये ईस्ट अँग्लिया विद्यापीठाने १९७० साली असा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. तिथे २०१२ पासून पदवी शिक्षणाचा भार मुख्यतः विद्यार्थ्यांच्या शुल्कावर आणि कर्जावर गेला. मुंबईने यातून घेण्यासारखी गोष्ट शिकवण्याच्या बदल्यात शुल्कमाफी ही आहे. महानगरपालिकेच्या शाळांत लेखनाचे तास घेणाऱ्या विद्यार्थ्याला विद्यावेतन देता आले, तर दोन्हीकडच्या मुलांचा फायदा होईल.

इतर आधार. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाची इंग्रजी सर्जनशील लेखनाची पदविका दूरशिक्षणाने करता येते. नोकरी सांभाळून शिकणाऱ्या मुंबईकराला ती सोयीची आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ (स्थापना १९६०) नवलेखकांना पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनासाठी अनुदान देते. ही मदत लेखन पूर्ण झाल्यावरची, शिकतानाची नव्हे. राज्याच्या शिष्यवृत्त्या आणि शुल्कप्रतिपूर्ती महाडीबीटी या शासकीय संकेतस्थळावरून मिळते, पण त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि योजनेच्या यादीत बसणारा हवा. तीन महिन्यांचा प्रमाणपत्र वर्ग त्यात सहसा बसत नाही. त्यामुळे धारावी किंवा गोवंडीहून येणाऱ्या मुलीसाठी पदवीतली एक अनुदानित अभ्यासपत्रिका ही शहरातल्या कितीतरी चकचकीत पदविकांपेक्षा जास्त मोलाची ठरते. ज्या शहरात नारायण सुर्वे महापालिकेच्या शाळेत आधी शिपाई आणि मग शिक्षक होते, तिथे या मुलीचा विचार आधी व्हायला हवा.

नवे शैक्षणिक धोरण. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार पदवीत कौशल्याधारित आणि खुल्या ऐच्छिक अभ्यासपत्रिकांना श्रेयांक मिळतात. सर्जनशील लेखनाला त्यामुळे वाणिज्य व विज्ञान शाखांच्या विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचता येते. हे तास अनुदानित कार्यभारात पूर्ण धरले जावेत आणि लेखनाच्या वर्गासाठी विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांसारखी छोटी तुकडी मान्य व्हावी, या दोन गोष्टी झाल्या तर वेगळ्या शुल्काचा बराचसा प्रश्न सुटतो. प्रात्यक्षिकाला छोटा गट लागतो हे विद्यापीठांना मान्य आहेच. कथेच्या पाचव्या खर्ड्यावर चर्चा करायलाही तेवढाच गट लागतो.